काजऱ्याचं विरजण

माणसाने भुकेवर कायमची मात केल्याची बातमी जगभर झळकली, त्या सकाळी डॉक्टर शाल्मली गवस कुडवळे गावच्या देवराईत काजऱ्याच्या झाडाखाली उकिडवी बसून वानराची लीद गोळा करत होती. वरच्या फांदीवर शेपटी खाली सोडून बसलेली एक म्हातारी वानरीण पाला चावत तिच्याकडे बघत होती. काळाकुळकुळीत चेहरा, काळे पाय, आणि नजरेत 'बघू या काय दिवे लावतेस ते' असा भाव. भरल्या घरातल्या थोरल्या जावेची आठवण यावी अशी ती बसायची, म्हणून शाल्मलीने तिचं नावच थोरली ठेवलं होतं.

फोन वाजला. पुण्याहून कर्णिक सर बोलत होते.

"शाल्मली, अगं आहेस कुठे? इथे पेढे वाटतायत! पोटलीला मान्यता मिळाली. साऱ्या जगाची!"

"सर, मी लिदीत हात घालून बसलेय."

"असू दे, असू दे. इतिहास असाच घडतो!"

हात पुसून तिने वर पाहिलं आणि थोरलीला म्हणाली, "ऐकलंस का? इतिहास घडला." थोरलीने अर्धवट चावलेलं पान तिच्या डोक्यावर टाकलं आणि तोंड फिरवलं. शाल्मली मनापासून हसली. हा आनंद फार वर्षं टिकायचा नव्हता.

हा इतिहास जरा नीट सांगायला हवा. जगात पाल्याला तोटा नाही, पण पाला खाऊन माणूस जगत नाही, कारण त्यातले चिवट तंतू पचवायची सोय आपल्या पोटात नाही. वानराच्या पोटात ती आहे. त्याचं जठर म्हणजे एकाला एक लागून असलेले कप्पे. पहिल्या कप्प्यात कोट्यवधी जिवाणू पाला आंबवतात, त्यातून आम्लं सुटतात, आणि वानर खरं तर त्या आम्लांवर जगतं. शिवाय झाडंही काही दुधखुळी नसतात. आपला पाला कोणी ओरबाडू नये म्हणून ती त्यात विष भरून ठेवतात. काजरा तर या बाबतीत पक्का बदमाश. त्याच्या बिया पोटात गेल्या तर धडधाकट माणूस ताठ होऊन मरतो. पण कुडवळ्याच्या राईतली वानरं मात्र काजऱ्याचा कोवळा पाला जेवणात तोंडी लावायला घ्यावा तसा खात. शाल्मली शिकून गुरांची डॉक्टर झाली तेव्हा तिला या गोष्टीचं नवल वाटलं. तिने वानरांच्या पोटातला रस आपल्या जुन्या प्राध्यापकांकडे, म्हणजे डॉक्टर इंद्रजित कर्णिकांकडे पाठवला. तंतू फोडणारे आणि विष मोडणारे जिवाणू त्यांना एकाच घरात गुण्यागोविंदाने नांदताना सापडले.

कर्णिकांनी त्यांच्यासाठी नवं घर बांधलं, ते माणसाच्या पोटात. पोटली म्हणजे एक मऊ, सच्छिद्र पिशवी. घडी करून गोळीसारखी गिळायची. पोटात ती उमलून लिंबाएवढी होते. पाल्याचा रस तिच्या छिद्रांतून आत जातो, तयार झालेली आम्लं बाहेर पाझरतात आणि जठराच्या भिंतीतून थेट रक्तात जातात. वाटीभर वाटलेल्या पाल्यावर माणूस अर्धा दिवस काम करू शकतो. पहिल्या दोन पोटल्या कर्णिकांनी आणि शाल्मलीने स्वतः गिळल्या होत्या. पुढे वर्षभर दोघांच्या ढेकरांना ओल्या गवताचा वास येई. लग्नकार्यात शेजारी बसायला कोणी राजी नसे, पण दोघं ठणठणीत राहिली.

अडचण एकच होती, आणि ज्यांच्या घरी रोज दही लागतं त्यांना ती समजावून सांगायला नको. त्याच त्या दह्याचं विरजण पुन्हा पुन्हा लावत गेलं की एक दिवस दह्याला तार सुटते. मग वाटी घेऊन शेजारच्या घरी जावं लागतं. पोटल्या बनवणाऱ्या पुण्याच्या कंपनीच्या पोलादी टाक्यांत जिवाणू वाढायचे खरे, पण तिथे ना काजरा, ना विष. आयतं खाऊन ते ऐदी होत आणि विष मोडायची विद्या विसरत. म्हणून दर महिन्याला कुडवळ्याहून ताजं विरजण जायचं. शाल्मली कोवळ्या पानात एक मणी गुंडाळून ठेवी. वानराच्या पोटात तो मणी उघडे, रस शोषून मिटे आणि दुसऱ्या दिवशी लिदीतून खाली पडे. वानराला पत्ताही लागत नसे. आणि हे दुसरीकडे कुठे करता येण्यासारखं नव्हतं. जंगलं तुटली होती, उरलेल्या वानरांना माकडतापाने खाल्लं होतं. काळ्या पायांची, काजरा खाणारी वानरं साऱ्या सह्याद्रीत आता या एका राईपुरती राहिली होती.

पहिली दोन वर्षं शाल्मली हवेत तरंगत होती. महापुराने वेढलेल्या गावांत पोटली पोहोचली आणि लेकरं वाचली, हे तिने डोळ्यांनी पाहिलं. तिच्या घरातही तेच झालं. तिच्या वडिलांचं, म्हणजे आपांचं, अर्ध्याहून जास्त आतडं दुखण्यात काढावं लागलं होतं. खाल्लेला भात अंगी लागेना, हाडं दिसू लागली. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा पोटलीनेच त्यांना उभं केलं. आपा गावचे गावकार, म्हणजे सातेरीच्या देवळात गावाच्या वतीने देवीला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. त्यांचा खणखणीत आवाज परत आला तेव्हा सगळ्या गावाने नारळ फोडले.

मग एका दुपारी मयुरी धुरी वाटेत आडवी आली. मयुरी तिची शाळेतली मैत्रीण, शेजारच्या गावातल्या काजूच्या कारखान्यात बिया सोलायला जाणारी. चिकाने काळवंडलेली बोटं नाचवत ती म्हणाली, "शालू, तुझ्या वांदरांनी माझी जेवणाची सुट्टी खाल्ल्यानी गो."

"म्हणजे काय?"

"म्हणजे काय काय? आमका सगळ्यांका पोटली दिल्यानी. मगे मालक म्हणता, दुपारचो भात बंद. सुट्टी पण बंद. पालो काय, काम करता करता चघळूक येता! ज्येच्या पोटात पोटली नाय, त्येका आता कामार घेनत नाय. वसतिगृहातल्या पोरांचो रातचो भात गेलो, ता आयकलंस? भुकेवर मात केलास म्हणे तुम्ही. भुकेवर खंय? भातावर केलास!"

शाल्मली म्हणाली, "मी सरांशी बोलते."

"बोल. पण माका एक सांग," मयुरीचा आवाज खाली आला. "पोट भरता गो. खोटा कित्या बोला? पण ताटात बसान चार बायांबरोबर हसान जेवूचा, ता खंयच्या पोटलीत गावतला?"

शाल्मली त्या दिवशी खूप दिवसांनी रडली. राग मयुरीचा नव्हता, स्वतःचा होता. पोटली दर मोसमाला बदलावी लागते; पुढच्या मोसमात ती वेळ आली तेव्हा तिने जुनी काढून टाकली आणि नवी घेतली नाही. सरांशी बोलणंही झालं. सर म्हणाले, "चाकू शोधणाऱ्याने भाजी चिरायची की गळा, हे लोकांना शिकवत बसायचं का?" वाक्य ऐकायला बरं होतं, पण तिचं समाधान झालं नाही.

कर्णिक सर स्वतः कुडवळ्याला आले ते थंडीच्या सुरुवातीला. देवराईच्या कडेला गाडी उभी करून त्यांनी थोरलीच्या कळपाकडे डोळे भरून पाहिलं. वाईट माणूस नव्हता तो. एका कल्पनेच्या प्रेमात पडलेला होता, आणि प्रेमात पडलेल्या माणसाला समोरचा खड्डा दिसत नाही.

"टाक्या लवकर थकायला लागल्यात," ते म्हणाले. "मागणी दसपट झालीय. तुझ्या मण्यांनी आता भागणार नाही. पूर्ण कळप पुण्याला न्यायचा. प्रशस्त, वातानुकूलित इमारत आहे. गाईंच्या कुशीला खिडकी पाडून जठरातला रस काढतात ना, तशी प्रत्येकाच्या कुशीत एक छोटी नळी. हवं तेव्हा, हवं तेवढं विरजण. आणि राईतला पाला तोडून त्यांना रोज पाठवायचा."

"सर, गेल्या वर्षी दोन वानरं नेलीत तुम्ही. काय झालं त्यांचं?"

सर वर फांद्यांकडे बघू लागले.

"मी सांगते. चार महिन्यांत त्यांच्या पोटातले जिवाणू बदलले. तपासलं तर माणसाच्या पोटातल्यासारखे निघाले. पिंजऱ्यात ठेवलेल्या पालेखाऊ माकडाचं असंच होतं, जगभर झालंय. नुसता काजरा देऊन भागत नाही. ती आधी कुठलं पान खातात, मग कुठली साल चाटतात, कधी माती खातात, पिल्लू आईच्या तोंडातला घास कसा ओढतं, या सगळ्यातून ते विरजण टिकतं. राईतून बाहेर काढलंत तर वानरंही जातील आणि विरजणही जाईल."

"त्यावर आम्ही काम करतोय."

"म्हणजे अजून जमलेलं नाही."

कर्णिकांनी चष्मा काढून पुसला. "राई गावाच्या मालकीची आहे, त्यामुळे ग्रामसभेचा होकार लागेल. जनसुनावणी देवळासमोरच ठेवलीय. तुझे वडील सुरुवातीला गाऱ्हाणं घालतील ना, या कामाला यश दे म्हणून? गाऱ्हाण्यात एकदा आलं की तुमच्या गावात त्याच्याविरुद्ध कोणी जात नाही, असं तूच सांगितलं होतंस मला." मग अगदी प्रेमाने ते म्हणाले, "आणि शाल्मली, ते आज कशावर जगतायत, हे विसरू नकोस."

आपल्याच घरची गोष्ट कौतुकाने परक्याला सांगावी आणि त्याने ती जपून ठेवून आपल्यावरच उगारावी, असं झालं. शाल्मलीच्या अंगाची लाही लाही झाली. पण शेवटचं वाक्य खोटं नव्हतं. आपांची पोटली दर मोसमात कंपनीकडून यायची.

घरी आपा पडवीत बसून पाट्यावर पाला वाटत होते. तिने त्यांना सगळं सांगितलं, धमकीसकट. आपांनी हात थांबवला नाही.

"इरजाण इकतत ते?" त्यांनी विचारलं.

"विकतातच, आपा. आजवर मी ते पाहूनही पाहत नव्हते."

"तुझ्या आवशीन उभ्या जल्मात इरजाण इकल्यान नाय. नी मागूक इलेल्याक नाय म्हणूक नाय. सांज व्हयसर कोणय येवंदे, वैरी येवंदे, वाटीत घालून दी. दूध इकूचा, दही इकूचा. इरजाण नाय. ता कोणाचाच नसता. ह्येच्याकडसून त्येच्याकडे जाता, म्हणान जिता रवता."

"आणि तुमची पोटली बंद केली त्यांनी तर?"

"मगे मरतलंय. वांदरांका पुण्याक धाडून मी काय अमरपट्टो घेवन बसतलंय?" पाल्याचा गोळा वाटीत काढत ते म्हणाले. पण वाटीतला शेवटचा कणही त्यांनी बोटाने पुसून खाल्ला, आणि ते तिने पाहिलं. त्यांना जगायचं होतं. परसातल्या माडाला या वर्षी पहिल्यांदा फळ धरलं होतं, ते खायचं होतं. सुनावणीत काय बोलणार, हे ते शेवटपर्यंत सांगायला तयार झाले नाहीत.

सुनावणीच्या सकाळी देवळापुढे मांडव घातला होता. सरकारी अधिकारी, कंपनीचे लोक, रेशमी झब्ब्यातले कर्णिक सर, आणि समोर बारा वाड्यांची माणसं. मयुरी आणि कारखान्यातल्या बायका खाडा करून आल्या होत्या. मांडवावर राईच्या फांद्या झुकलेल्या, आणि फांद्यांवर वानरं बसलेली. त्यांना कोणी नोटीस दिली नव्हती, पण ती हजर होती.

आपा नारळ घेऊन उभे राहिले. सारं गाव उठलं. "आई सातेरी, माउली..." खणखणीत आवाज राईत घुमला. "आज ही पुण्याची मंडळी तुझ्या पायाकडे इली हत..."

"व्हय म्हाराजा," गाव सवयीने म्हणालं.

आपा थांबले. लोक एकमेकांकडे बघू लागले. मग आपांनी वळून नारळ शाल्मलीपुढे धरला.

"ह्या गाऱ्हाणा माका घालूक येवचा नाय," ते म्हणाले. "माझ्या पोटात ह्येंचाच इरजाण आसा. 'व्हय' म्हटलंय तरी ता माझा पोट बोलतला, नि 'नाय' म्हटलंय तरी लोक म्हणतले म्हातारो मोठेपणा करता. हिच्या पोटात आता काय नाय. ही घालीत."

चुळबुळ झाली. आपांचे चुलतभाऊ भिकाजी पुढे सरसावले. "बायलमाणूस गाऱ्हाणा घालीत? असा कधी झाला?"

"आणि सातेरी काय दादलो आसा?" आपांनी विचारलं. बायकांमध्ये खसखस पिकली आणि भिकाजी मागे सरले.

नारळ शाल्मलीच्या हातात आला. लहानपणापासून ऐकलेले शब्द तोंडपाठ होते. तिने समोर पाहिलं. कर्णिक सर धीर देणारं हसत होते. परीक्षेला बसवताना हसायचे तसेच.

"आई सातेरी, माउली, रायेच्या राखणदारणी," तिने सुरुवात केली. "ह्या रायेतल्या वांदरांनी आमका इरजाण दिला. मागल्याशिवाय दिला."

कोणीच बोललं नाही. बाईच्या गाऱ्हाण्याला साद द्यायची की नाही, हे गावाला ठाऊक नव्हतं. शाल्मलीला वाटलं, आता इथेच संपलं. तेवढ्यात मागून एकच चिरका आवाज आला, "व्हय म्हाराजा!" ती मयुरी होती.

"त्या इरजाणान पुरातली पोरां जगली. दवाखान्यातली माणसां जगली. माझो बापूस जगलो."

"व्हय म्हाराजा!" आता बायकांची सगळी रांग बोलली.

"पण त्याच इरजाणाच्या नावान कोणी कामवाल्या बायांच्या ताटातलो भात ओढून घेतल्यान, कोणी पोरांचो घास काढल्यान. नि आता ज्या आवशीन इरजाण दिल्यान, तिच्याच कुशीक भोक पाडूक निघाले हत."

"व्हय म्हाराजा!" पुरुषांचे आवाज मिसळले. भिकाजीही बोलले, जरा खालच्या पट्टीत.

शाल्मलीने नारळ उंच धरला. अंगात काहीतरी संचारल्यासारखं झालं होतं, आणि ते देवीचं वारं नव्हतं, साठलेला राग होता. "जो कोण इरजाण इकीत, जो कोण रायेक कुऱ्हाड लावीत, त्येचा दूध नासूंदे! त्येच्या टाक्येक तार सुटूंदे!"

"व्हय म्हाराजा!"

"वांदरां खंय जावची नाय!"

"व्हय म्हाराजा!"

"पालो तेंचो, भात आमचो!"

हे वाक्य कुठल्याच गाऱ्हाण्यात नव्हतं. पण गावाने ते असं उचललं की मांडवाचं कापड हललं. लोक ते पुन्हा पुन्हा म्हणू लागले. वरची वानरं खवळून हुप्प करत फांद्या हलवू लागली आणि अधिकाऱ्यांच्या टेबलावर पानं, काटक्या आणि आणखी काय काय पडलं. हात वर करून मत मोजायची गरजच उरली नाही. कुडवळ्याने नकार दिला होता.

कर्णिक सर जाताना तिच्यापाशी थांबले. "तू शास्त्रज्ञ आहेस," ते दुःखाने म्हणाले. "शाप कसले देतेस?"

"शाप नव्हता तो, सर. अंदाज होता. राईच्या कडेला सांगितला तेव्हा तुम्ही ऐकला नाहीत."

व्हायचं ते झालं. शाल्मलीची कंपनीतली नोकरी गेली आणि पुण्याला जाणारं विरजण थांबलं. आपांची पोटली यायची थांबली. कंपनीची नोटीस आली की, पोटलीतले जिवाणू ही कंपनीची मालमत्ता असून कोणीही ते परस्पर वाढवल्यास गुन्हा ठरेल. शाल्मलीने ती नोटीस देवळाच्या खांबाला चिकटवली, सगळ्यांना नीट वाचता यावी म्हणून. खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'विरजण सकाळी मिळेल. भांडं आणावं.'

आपांच्या पोटातली पिशवी शाबूत होती, फक्त आतलं विरजण थकलं होतं. म्हशींच्या पोटात नळी घालायचा सराव शाल्मलीला होता, तो बापावर कामी आला. आपांनी इतक्या शिव्या दिल्या की म्हैस बरी म्हणायची वेळ आली, पण आठवड्याभरात त्यांचा आवाज पुन्हा खणखणीत झाला. मग आसपासची आजारी माणसं येऊ लागली. कोणाचं आतडं काढलेलं, कोणाला अन्न पचत नसलेलं. हवा लागली की हे जिवाणू मरतात, म्हणून झाकणाचा डबा काठोकाठ भरून द्यावा लागे. जिल्ह्याच्या दवाखान्यातला एक डॉक्टर नळी घालायला शिकून गेला. भांडं रिकामं परत करायचं नसतं, त्यामुळे डबे परत येत ते मूठभर तांदूळ, चार कोकमं, एखादी नाचणीची भाकरी घेऊन. पोलीस एकदा येऊन गेले. हवालदाराची आई त्याच रांगेत बसली होती, तेव्हा ते पाणी पिऊन परत गेले.

काजूच्या कारखान्यात मात्र काही हललं नव्हतं. मयुरी आणि तिच्या बायकांनी नवी पोटली गिळायला नकार दिला होता. रोज दुपारी त्या कारखान्याच्या फाटकाबाहेर रिकामी ताटं मांडून बसत आणि हसत, गाणी म्हणत. मालक आतून बघत राही. पोटलीवाले मजूर मिळत होते, तोवर त्याला फिकीर नव्हती.

उन्हाळा संपता संपता एका दुपारी कर्णिक सर आले. एकटे, एसटीने. झब्बा चुरगळलेला, दाढी वाढलेली. पडवीच्या पायरीवर बसून त्यांनी आधी पाणी मागितलं.

"टाक्या नासल्या," ते म्हणाले. "सगळ्या. पोटल्या गळतायत, लोकांच्या पोटात आंबट होतंय. नेलेल्या दोन वानरांपैकी एक मेलं. दुसऱ्याच्या पोटात काही उरलं नाही." त्यांनी पेला खाली ठेवला. "कारखाने, वसतिगृहं गेली खड्ड्यात. पण चार दवाखान्यांत माणसं आहेत, तुझ्या आपांसारखी. मी कंपनीतर्फे आलो नाही, शाल्मली. मी मागायला आलोय."

तिला त्यांची कीव आली आणि रागही आला. इतके महिने मनात घोळवलेली कितीतरी उत्तरं ओठांवर होती. पण दिवस अजून मावळला नव्हता, आणि दारात आलेला माणूस विरजण मागत होता.

ती आत गेली. सरांनी बरोबर कंपनीचं चकचकीत भांडं आणलं होतं, ते तिने घेतलं नाही. फळीवरून आईचा जुना स्टीलचा डबा काढला. झाकणावर आईचं नाव कोरलेलं होतं. सकाळीच मण्यातून काढलेलं, थोरलीचं ताजं विरजण तिने त्यात काठोकाठ ओतलं, झाकण घट्ट लावलं आणि बाहेर येऊन सरांच्या हातात दिलं.

कर्णिकांचे डोळे भरून आले. "तुझे उपकार..."

"उपकार नाहीत, सर. विरजण कोणाला नाही म्हणत नाहीत. पण डबा परत आणून द्यायचा असतो."

"देईन. नक्की देईन."

"आणि रिकामा आणायचा नसतो."

ते गोंधळले. "मग... काय घालून आणू?"

"भात," शाल्मली म्हणाली. "काजूच्या कारखान्यातल्या बायकांचा दुपारचा भात. वसतिगृहातल्या पोरांचा रात्रीचा. पोटली फक्त दवाखान्यात जाईल आणि पूर आला तर पुरात जाईल. ज्याने कोणाच्या ताटातला भात काढला, त्याच्याकडे हे जाणार नाही."

"अगं, ते माझ्या हातात नाही. मी काही कारखान्याचा मालक नाही."

"त्याला विरजण कोण देतं?"

कर्णिकांनी हातातल्या डब्याकडे पाहिलं. देवराईकडून थोरलीचा खाकरल्यासारखा आवाज आला. झाकणावरून अंगठा फिरवत त्यांनी विचारलं, "आणि नाही जमलं तर?"

"तर पुढच्या मोसमात कोणत्या तोंडाने मागायला याल, सर?"

त्यांनी डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि ते उठले. दिवेलागणीच्या आत त्यांना गावाची वेस ओलांडायची होती. ते फाटकापाशी पोहोचले तेव्हा पडवीच्या कोपऱ्यातून आपांचा आवाज आला, चांगला साऱ्या वाडीला ऐकू जाईल असा.

"मास्तरांनू, डब्यार हिच्या आवशीचा नाव आसा, बगून ठेवा! तिचा भांडा आजून कोणी बुडवूक नाय!"